पिसे झडली म्हणून कोंबडी विकू नका

पिसे झडली, तुरा फिका पडला, अंडी थांबली की ‘कोंबडी गेली’ म्हणून ती कापतात किंवा बाजार दाखवतात. थोडं थांबा! साधारण वर्षातून एकदा जुनी पिसे झडून नवी येतात. त्याला दोन-तीन महिने लागतात, मग अंडी पुन्हा सुरू होतात. पिसे प्रथिनांचीच बनतात. म्हणून दाण्यासोबत सुकट, वाळवी किंवा बुरशी नसलेली शेंगदाणा पेंड द्यावी. फुटणारी पिसे दुखरी असतात, उगाच हाताळू नये.

मात्र दाणा टिपत नसेल, हिरवट हगवण, घरघर किंवा मान वाकडी दिसली, तर मानमोडीची शंका घ्यावी. तिला वेगळी ठेवून लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मानमोडीवर औषध नाही; निरोगी कोंबड्यांना वेळेवर लस टोचणे हाच उपाय.