रक्तातील औषधाचा वेध

पॅरासिटामॉल हे तापावरील घरोघरचे औषध. परंतु त्याची अतिमात्रा यकृतास घातक ठरते. आरंभी काही तास रुग्णास विशेष त्रास जाणवत नाही. त्यावरील एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा मात्र पहिल्या ८ तासांत सर्वाधिक गुणकारी असतो. एकाच वेळी अतिमात्रा घेतली गेल्यास ४ तासांनी रक्त तपासतात. १ मिलिलिटरमध्ये १५० मायक्रोग्रॅम वा अधिक प्रमाण आढळल्यास उतारा आवश्यक मानला जातो.

हे प्रमाण त्वरित कळावे यासाठी विद्युत-रासायनिक संवेदकांवर संशोधन होत आहे. संवेदकाच्या कार्बनच्या पट्टीस ठरावीक विद्युतदाब देताच पॅरासिटामॉलचे रेणू इलेक्ट्रॉन सोडतात. औषध जितके अधिक, तितका प्रवाह अधिक. मधुमेहींच्या ग्लुकोमीटरचे तत्त्वही जवळपास हेच आहे. रक्तातील युरिक आम्ल व क जीवनसत्त्व हेही असाच प्रवाह निर्माण करून मापनात घोटाळा करतात. पट्टीवर ग्राफीन किंवा कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचा लेप दिल्यास संकेत तीव्र होतो व हे पदार्थ वेगवेगळे ओळखता येतात.

रुग्णसेवेत आजही प्रयोगशाळेतील प्रस्थापित तपासणीच प्रमाण मानली जाते. म्हणून नातेवाइकांना नम्र विनंती, की गोळ्या अधिक घेतल्याचा संशय येताच, रुग्ण ठणठणीत दिसत असला तरी, त्यास गोळ्यांच्या वेष्टनासह तत्काळ रुग्णालयात आणावे आणि सेवनाची वेळ सांगावी.