कर्जतचा वडा घरच्या दस्तरखानावर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत येणाऱ्या पाहुण्याला वड्यांचे दोन पत्ते आधीच ठाऊक असतात. एक कर्जत स्टेशनावरच्या दिवाडकरांचा, दुसरा खोपोलीत जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या रमाकांतचा. आपल्या घरांना या वड्यांचे थोडे जास्तच अप्रूप. प्रवासात कुठे जेवायला बसायचे म्हटले की गोश्त हलाल आहे का, ही चौकशी आली; बटाट्याच्या वड्याला ती करावी लागत नाही. म्हणून पुण्याला निघालेली खाला असो की खोपोलीला माहेरी आलेली लेक, पिशवीत वड्यांची पुडी असतेच. मग पोरे मागे लागतात, अगदी असाच वडा घरी करा.

तसाच का होत नाही, हे कळायला आधी स्टेशनाकडे पाहावे लागते. बोरघाटाचा चढ 37 फुटांना एक फूट, म्हणजे रेल्वेसाठी फारच खडा. 1863 साली या घाटातून गाडी सुरू झाली. आजही पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लागतात आणि ती कर्जतला जोडली जातात. तेवढा वेळ गाडी उभी राहते आणि तेवढ्यात वडा खपतो. एक गाडी गेली की दुसरी येते. वडा शिळा व्हायला सवडच मिळत नाही, आणि घाटाच्या पायथ्याशी भूकही लागलेली असते.

म्हणून आम्हाला वाटते, खरी गोष्ट मसाल्यात नाही. दिवाडकरांची कृती त्यांचीच राहो. घरोघरी लोक त्या चवीच्या शोधात सारणात गरम मसाला, बडीशेप, कुणी तर चक्क गोश्ताचा मसालाही घालतात. काही गरज नाही. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, कढीपत्ता, मोहरी, हिंग, हळद एवढ्यावर वडा उभा राहतो. तो बिघडतो पाण्यामुळे आणि तेलामुळे.

बटाटा जुना घ्यावा, नवा चिकट होतो. सालासकट उकडून लगेच सोलावा आणि ताटात पसरून वाफ पूर्ण जाऊ द्यावी. ओल राहिली की तेलात तिची वाफ होते आणि वडा फुटतो. पीठ बोटाला जाडसर चिकटेल इतके घट्ट हवे. त्यात दोन मोठे चमचे तांदळाचे पीठ घातले की आवरण कुरकुरीत होते. इथे तांदळाला काय तोटा! कर्जतच्या कृषी संशोधन केंद्राच्या ‘कर्जत-3’ सारख्या जाती आपल्याच शेतांत पिकतात, आणि भाकरीचे पीठ डब्यात असतेच.

तेलाचे गणित मात्र स्टेशनाचे आणि घरचे वेगळे. मोठ्या कढईत दहा गार वडे पडले तरी तेल फारसे थंडावत नाही. घरच्या लहान कढईत पाच-सहा टाकले की तेल एकदम उतरते आणि वडा ते पीत बसतो. तेव्हा तीन-तीनच सोडावेत. पिठाचा थेंब टाकताच बुडबुड्यांसह लगेच वर आला, पण काळा पडला नाही, म्हणजे तेल तयार.

रमजानमध्ये आणखी एक अडचण येते. रोजा असताना सारणाचे मीठ पाहायचे कसे? गरज असेल तर जिभेच्या टोकावर घेऊन थुंकून टाकण्याची मुभा फिकहच्या किताबांत आहे. तरी मापच ठरवून टाकलेले बरे. एक किलो बटाट्याला अडीच सपाट लहान चमचे मीठ, दहा मिरच्या, वीस पाकळ्या लसूण. पाव किलो बेसनाला एक सपाट चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचे मोहन. यात साधारण वीस वडे होतात.

आणि ते तळायचे कधी? बहुतेक घरांत अजानच्या आधी अर्धा तास एक बाई धुरात उभी असते. सगळे इफ्तारला बसतात तेव्हा ती शेवटचा घाणा काढत असते आणि तिच्या वाट्याला गार वडा येतो. आम्ही हा क्रम बदलला. असरनंतर गोळे वळून ठेवायचे. खजूर आणि पाण्याने रोजा सोडायचा, मगरिब पढायची, मग कढई चढवायची. झारा घरातल्या मुलांच्या हातात. गाडीवर, हॉटेलात वडे तळणारे बहुतेक पुरुषच असतात. घरात शिरताच तोच झारा जड का व्हावा? पहिल्या दिवशी वडे वेडेवाकडे झाले, पण सगळ्यांनी, अम्मीनेही, गरम खाल्ले.

तळताना कढईत पडलेला पिठाचा चुरा फेकू नका. भाजलेले सुके खोबरे, लसूण आणि लाल तिखट यांच्याबरोबर कुटला की सहरीला तांदळाच्या भाकरीशी फार छान लागतो. तिखट तेवढे बेताने घाला, दिवसभर तहान लागते.