जुन्या लॅपटॉपला एसएसडी टाकताना

घरातला जुना लॅपटॉप सुरू व्हायलाच पाच मिनिटं घेतो, आणि मुलांचा अभ्यास अडतो. नवा घेण्याची ऐपत नसेल तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून बघा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे फरक लगेच कळतो.

जुन्या लॅपटॉपमध्ये बहुधा अडीच इंची साटा डिस्क असते. तिच्या जागी साटा एसएसडीच बसते. तिचा वेग सेकंदाला 550 एमबीच्या आसपास. दुकानदार 3500 एमबीवाली एनव्हीएमई दाखवेल. ती पातळ पट्टी एम.टू स्लॉटमध्ये लागते; स्लॉट नसेल तर पैसे वाया. स्लॉट असला तरी तो साटाचा की एनव्हीएमईचा, हे मॉडेल नंबर सांगून विचाराच.

120 जीबी लवकर भरते. 240 किंवा 256 घ्या. ऑनलाइन कवडीमोलात मिळणारी ‘2 टीबी’ हमखास बनावट समजा. किमान 3 वर्षांची वॉरंटी आणि पक्कं बिल मागा, दुकानदार ओळखीचा असला तरी.

काढलेली हार्ड डिस्क भंगारात देऊ नका. स्वस्तातलं यूएसबी केसिंग लावलं की निकाहचे फोटो, मार्कशीट, दाखले यांची दुसरी प्रत तिच्यावर राहते. एसएसडी बंद पडली तर आतला डेटा परत मिळणं फार कठीण असतं.