महाविद्यालयीन खेळाडू आणि मनःस्वास्थ्य

पहाटे मैदान, दिवसा महाविद्यालय, सायंकाळी पुन्हा सराव. असा खेळाडू विद्यार्थी चिकित्सालयात येतो तो बहुधा थकवा, अरुची वा निद्रानाश सांगत. मन खचले आहे हे तो बोलत नाही. संघातील स्थान जाईल, हे भय त्यामागे असते. केवळ दौर्बल्य समजून त्यास बल्य औषधे देणे अपुरे ठरते.

शास्त्रकारांनी व्यायाम अर्धशक्तीपर्यंतच सांगितला आहे. अतिव्यायामाच्या लक्षणांत चरकाचार्य श्रम, क्लम, क्षय यांचा उल्लेख करतात. स्पर्धात्मक खेळ ही मर्यादा रोजच ओलांडतो. त्यात वजनगटासाठी कुस्तीगीर उपवास करतो, पाणीही कमी करतो. आहार आणि निद्रा हे दोन्ही उपस्तंभ एकाच वेळी ढळतात. (मुलींमध्ये आर्तव अनियमित झाल्यास आहाराची चौकशी अवश्य करावी.) यश हेही कवच नव्हे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधील सुवर्णपदकानंतर आलेल्या रितेपणाविषयी अभिनव बिंद्रा यांनी उघडपणे सांगितले आहे.

आहार, निद्रा व सराव यांची फेरआखणी आणि सत्त्वावजय हे आपले क्षेत्र. औषधयोजनेत सोमलता टाळावी. तिच्यातील एफेड्रीन स्पर्धाकाळात ठरावीक मर्यादेपलीकडे प्रतिबंधित आहे. आत्मघाताचा विचार मनात येतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो बळावत नाही. होकार आल्यास रुग्णास एकटे न सोडता त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.