चौकट : एका किलोमीटरचं गणित

राखीव जागा : शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, १ एप्रिल २०१० पासून लागू. विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या. महाराष्ट्रात दुर्बल घटकासाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला १ लाख रुपये.

निवड : अर्ज जागांपेक्षा जास्त आले, तर सोडत. प्राधान्य शाळेपासून १ किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. मुलांची चाचणी, पालकांची मुलाखत आणि देणगी या तिन्हींना मनाई.

अपवाद : २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा कायदा लागू नाही. मुंबईत गिरगाव ते दादर पट्ट्यात मिशनरी संस्थांच्या जुन्या शाळा अनेक. त्यामुळे घराजवळची शाळाही राखीव जागा देणाऱ्या शाळांच्या यादीबाहेर असू शकते.

२०२४ चा धडा : १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारीत केला. लालबाग-परळसारख्या दाट वस्तीत पालिकेची शाळा जवळ असतेच. म्हणजे खासगी शाळांची दारं जवळपास बंदच. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा बदल रद्द केला.

पत्ता महत्त्वाचा : चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिऱ्हाड दूर हललं, की अंतराचं प्राधान्यही हलतं. चाळीतल्या मुलाचा शेजारच्या शाळेवरचा हक्क पुनर्विकासातही शाबूत राहायला हवा.