गरज, हौस आणि स्वाभिमान

जून महिना आला की सातारा-सांगलीच्या बाजारात वह्या-दप्तरांसाठी झुंबड उडते. मूल चित्राच्या महागड्या दप्तरासाठी अडून बसते आणि बाप उधारीवर ते घेऊन देतो. आम्ही कोर्टात वकिली करतो. थकलेल्या हप्त्यांच्या, न वटलेल्या चेकच्या प्रकरणांत दवाखान्यासाठी काढलेले कर्ज असते, तसे वाढदिवसासाठी आणि मोबाईलसाठी काढलेलेही असते. नोटीस मात्र दोघांनाही सारखीच येते.

म्हणून काय मुलांची हौस मारायची? मुळीच नाही. चांगले नेसू नका, हे तर मनुवाद्यांनी आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना बजावले होते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी माताभगिनींना स्वच्छ राहायला सांगितले आणि अस्पृश्यतेची खूण ठरलेले जड दागिने टाकायला लावले. स्वच्छ गणवेश ही चैन नव्हे, ती स्वाभिमानाची गरज आहे. शेजाऱ्याला दाखवण्यासाठी घेतलेली वस्तू ही हौस. हा फरक मुलांना कळला पाहिजे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. तोच विद्यार्थी पुढे न्यूयॉर्कला पोटाला चिमटा काढून पुस्तके विकत घेत होता. याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातील सर्व जातींच्या मुलांच्या जेवणासाठी मंगळसूत्रासह दागिने मोडले. गरज कशाला म्हणतात, हे यांच्याकडून शिकावे.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. म्हणजे धम्माने उपभोग नाकारला नाही, त्याला माप घालून दिले.

बाजाराला निघण्यापूर्वी मुलाकडूनच यादी लिहून घ्यावी. प्रत्येक वस्तूपुढे विचारावे, ही नसली तर काय अडेल? जुनी चालेल का? तरीही मन धरले तर पंधरा दिवस थांबू द्यावे, खाऊचे पैसे साठवू द्यावेत. घरात किती पैसा येतो, हेही मुलांपासून लपवू नये. ते कळले की निम्मा हट्ट आपोआप गळतो.

पण बांधवांनो, १४ एप्रिलला डीजेवर हजारो रुपये उडवून वस्तीतल्या वाचनालयाला कुलूप ठेवणाऱ्या आपण मोठ्यांनी हा धडा कोणत्या तोंडाने द्यायचा? आधी आपली यादी आपण तपासू. मुले आपल्याकडेच पाहत असतात.