बिऱ्हाड पुढे, आपण मागे

प्रवासास निघालेल्या कुटुंबाला दोन चिंता हमखास असतात: वाटेत खावे काय आणि रात्री टेकावे कोठे. पहिलीची तजवीज शिदोरीने होते. दुसरी मात्र परमुलखातील माणसांच्या हाती असते. विंचवाचे बिऱ्हाड त्याच्या पाठीवर, असे आपण म्हणतो. पण माणसाला तेवढी मोकळीक कोठून असणार? म्हातारी माणसे, कडेवरची मुले, औषधांच्या बाटल्या, पांघरुणे, एवढा संसार पाठीवर घेऊन तो जाणार किती दूर?

या अडचणीवर अमेरिकेत एक तोड निघाली आहे. चाकांवरचे एक लहानसे घर भाड्याने ठरवावयाचे. घराच्या मालकाने ते आपल्या आधी मुक्कामी ओढून न्यावयाचे, समतल उभे करावयाचे, पाणी व वीज जोडून द्यावयाची, आणि आपण हातात पिशवी घेऊन सरळ आत पाऊल टाकावयाचे. अशा घराला 'कॅम्पर' म्हणतात. फ्लॉरिडा राज्यात मोठमोठ्या करमणूक-उद्यानांच्या परिसरात ही पद्धत चांगलीच रुळली आहे. आपल्या गावांतील कितीतरी घरांची मुले आज परदेशी आहेत. आईवडिलांना बोलावून घ्यावे आणि नातवंडांसह चार दिवस तेथे न्यावे, असा बेत निघाला की या घराची गोष्टही निघते. ही सोय कशी आहे, तीत पैसा कोठे अडकतो, आणि ठरवितांना कशाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे, याचा आज आम्ही विचार करणार आहोत. सुरुवात मात्र फ्लॉरिडापासून न करता ग्वाल्हेरपासून करू; कारण माणसाच्या आधी पोहोचणारे बिऱ्हाड मराठी माणसाला मुळीच नवे नाही.

तळाचे झाले शहर

ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस जे शहर पसरले आहे त्याचे नावच मुळी 'लष्कर' आहे. इंदरगंज ही त्यातलीच एक गजबजलेली पेठ. लष्कर म्हणजे फौज, आणि फौजेचा तळही. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी येथे आपला तळ दिला आणि उज्जैनची राजधानी येथे आली. एरवी फौजेचा तळ काही दिवसांनी उठावयाचा. हा तळ उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी भिंती आल्या, भिंतींवर छपरे चढली आणि तळाचे शहर झाले. त्या शहरातील वस्त्यांची नावे अजूनही जुनी ओळख सांगतात. एका वस्तीचे नाव 'शिंदे की छावनी', तर दुसरीचे 'कंपू'. शिंद्यांच्या कवायती पलटणींना कंपू म्हणत. हा शब्द पोर्तुगीज व इंग्रज लोकांच्या छावणीवाचक शब्दावरून आपल्याकडे आला. तेव्हा फ्लॉरिडातील 'कॅम्पर' आणि लष्करातील 'कंपू' हे एकाच कुळातील शब्द होत.

हा तळ फिरता होता तेव्हा तो पडत असे तरी कसा? टॉमस ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी १८०९ साली शिंद्यांच्या छावणीबरोबर राजपुतान्यात हिंडत होता. त्याने भावाला लिहिलेली पत्रे १८१३ साली लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांत त्याने ही सारी रीत वर्णिली आहे. कूच ठरले की बिनीवाला पुढे जाई. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. 'बिनीचा शिलेदार' हा शब्दप्रयोग आपण आजही करतो, तो याच बिनीवरून. बिनीवाला मुक्कामाची जागा निवडी आणि महाराजांचे डेरे जेथे पडावयाचे तेथे एक लहानसे पांढरे निशाण रोवी. मग एकेका बाजाराची निशाणे ठरलेल्या क्रमाने लागत. दुकानांच्या दोन समांतर रांगा लागून मधून एक लांबच लांब रस्ता तयार होई. हा क्रम प्रत्येक मुक्कामी तोच असे. त्यामुळे आज येथे, उद्या तेथे, असे हिंडणाऱ्या हजारो माणसांना आपले ठिकाण शोधीत भटकावे लागत नसे.

या वर्णनातून एक गोष्ट ध्यानी येते. तंबूचे कापड आणि काठ्या बाजारात कोणालाही मिळाल्या असत्या. परंतु आधी जाऊन जागा हेरणे, पाणी पाहणे, निशाण रोवणे आणि मागून येणाऱ्यांसाठी सारे सिद्ध ठेवणे, हे काम विश्वासू माणसाचेच होते. छावणीचे सुख या एका माणसावर अवलंबून असे.

आपल्या गावातील मांडववालाही एका अर्थी बिनीवालाच नव्हे काय? लग्नाच्या आदल्या दिवशी तो खांब, कापड, खुर्च्या, दिवे घेऊन येतो आणि पाहुणे जमण्यापूर्वी मांडव उभा करून ठेवतो. त्याला ठरवितांना आपण केवळ भाव पाहत नाही. हा माणूस वेळेवर येतो का, वारा सुटला तर दोर आवळावयास धावतो का, हेही चार घरी विचारतो. कॅम्पर भाड्याने घेतांना हीच जुनी शहाणीव उपयोगी पडते.

जागा एकाची, घर दुसऱ्याचे

आता फ्लॉरिडाकडे वळू. ऑर्लँडो शहराजवळ वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे विस्तीर्ण करमणूक-उद्यान १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले, आणि त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला त्याच्या हद्दीत फोर्ट वाइल्डरनेस नावाचे मुक्कामाचे मैदान उघडले. नावात किल्ला असला तरी ग्वाल्हेरसारखी तटबंदी तेथे नाही. झाडीत विखुरलेल्या सुमारे ८०० जागा आहेत. प्रत्येक जागेवर कॅम्पर वा तंबू लावण्यापुरते मैदान, वीज आणि पाण्याचा नळ असतो. आत हिंडण्यास बस आहे, आणि तळ्यातून नावेने मुख्य उद्यानाकडे जाता येते. एका जागेवर १० माणसांपर्यंत राहण्यास परवानगी असते.

येथेच पहिली गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मैदानातील जागेचे भाडे उद्यानाला द्यावयाचे असते; कॅम्परचे भाडे त्या कॅम्परच्या मालकाला. व्यवहार दोन, पावत्या दोन, आणि रद्द करण्याचे नियमही दोन. कॅम्पर मिळाला पण जागा मिळाली नाही, तर चाकांवरचे घर रस्त्यावर. जागा मिळाली पण कॅम्पर आला नाही, तर झाडाखाली उभे राहण्याची पाळी. म्हणून आधी जागा पक्की करावी, तिचा आकार आणि वीजजोडणी कॅम्परच्या मालकास कळवावी, आणि या मैदानात बाहेरचा कॅम्पर आणून लावण्याची त्या मालकाला मुभा आहे किंवा नाही, हे प्रत्यक्ष मैदानाच्या कचेरीतच विचारून घ्यावे.

जागांचेही प्रकार आहेत. काही जागांवर वीज आणि पाणी असते, पण सांडपाण्याची जोडणी नसते. तंबूत राहणाऱ्यास ते चालते. आत संडास आणि न्हाणी असलेला कॅम्पर लावावयाचा असेल तर सांडपाण्याची जोडणी असलेलीच जागा घ्यावी. कॅम्परच्या पोटाखाली टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरी व न्हाणीच्या पाण्याची, तिसरी संडासाची. शेवटच्या दोन टाक्या भरल्या की रिकाम्या कराव्या लागतात. संडासाच्या टाकीची झडप सदैव उघडी ठेवू नये. पाणी वाहून जाते आणि घाण मागे साचते. टाकी बरीच भरल्यावर ती एकदम सोडावी, आणि मागून मोरीचे पाणी सोडून नळी धुवून काढावी. हे काम मालकाचा माणूस करणार की आपण, हे आधी ठरले नाही तर सहलीच्या तिसऱ्या दिवशी घरात वाद होतो.

विजेचेही मोजमाप असते. लहान कॅम्परला ३० अँपिअरची जोडणी पुरते, मोठ्याला ५० ची लागते. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची. तेव्हा ३० अँपिअर म्हणजे सुमारे ३,६०० वॅट झाले. हवा थंड करणारे यंत्र चालू असता त्याच वेळी पाण्याची किटली आणि भट्टी लावली की वीज तुटावयाची. घाबरण्याचे कारण नाही. एक वस्तू बंद करून खटका पुन्हा वर करावा.

कॅम्पर समतल असावा असे जे म्हणतात तेही शोभेसाठी नव्हे. गॅसवरही चालणारे जे शीतकपाट पुष्कळ कॅम्परांत असते, त्यातील द्रव वरून खाली आपल्या भाराने वाहतो. घर कलते राहिले तर तो अडतो आणि कपाट थंड होत नाही. मग बाळाचे दूध नासते. तसेच गॅसची शेगडी ऊब आणण्यासाठी कधीही पेटती ठेवू नये. बंद खोलीत विषारी वायू साठतो आणि त्याला वासही नसतो. त्याची सूचना देणारे यंत्र छताला वा भिंतीला आहे का आणि ते वाजते का, हे चाव्या घेतांनाच वाजवून पाहावे.

कागदावर काय असावे

आमच्या मते आगाऊ रक्कम पाठविण्यापूर्वी पुढील गोष्टी लेखी असल्या पाहिजेत. घर कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत उभे राहील. कारण मैदानातील जागा दुपारी मिळते आणि शेवटच्या दिवशी सकाळी अकरापर्यंत सोडावी लागते. भाड्यात ने-आण, मांडणी, अंथरुणे, भांडी आणि गॅस धरला आहे काय. अनामत किती, ती किती दिवसांनी परत मिळेल आणि कोणत्या नुकसानीबद्दल कापली जाईल. रात्री नळ फुटला वा यंत्र बंद पडले तर कोण येईल. आणि वादळ झाले तर काय? फ्लॉरिडात १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम मानतात. आपल्या मे महिन्याच्या सुटीत गेलेले कुटुंब त्याच्या उंबरठ्यावर असते, आणि दिवाळीत गेलेले त्याच्या शेवटास. मैदान रिकामे करण्याचा हुकूम निघाला तर पैसे बुडतात की तारीख बदलून मिळते, हे दोन्ही ठिकाणी विचारावे.

केवळ सुंदर छायाचित्रे पाहून पैसे पाठवू नयेत. फसवणारे लोक दुसऱ्याच्या घराचे चित्र दाखवून आगाऊ रक्कम गिळतात. त्या भागात राहणारा नातलग वा ओळखीचा असेल तर त्याच्याकडून चौकशी करावी, आणि ताबा घेतांना आतबाहेरची छायाचित्रे आपणही काढून ठेवावीत. अनामतीचा वाद त्यावर मिटतो.

कोणासाठी, कोणासाठी नव्हे

ही सोय सर्वांनाच परवडते असे नव्हे. दोघे वा तिघे जाणार असतील तर कॅम्परचे भाडे, ने-आण आणि जागेचे भाडे मिळून हॉटेलच्या एका खोलीहून अधिक भरू शकते. शिवाय हॉटेलात खोली झाडणारे कोणी असते. येथे केरसुणी आपल्याच हाती येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला कॅम्परच्या अरुंद पायऱ्या आणि वरच्या फळीवरील बिछाने त्रासाचे होतात. पायऱ्या किती, कठडा आहे काय आणि खाली निजण्याची सोय किती जणांची, हे विचारल्याशिवाय आजीआजोबांना तेथे नेऊ नये.

परंतु सात-आठ माणसांचे कुटुंब असेल, तान्हे मूल असेल, पथ्याचे जेवण लागणारा कोणी असेल, तर मात्र गणित पालटते. हॉटेलात असे कुटुंब दोन-तीन खोल्यांत विखुरते. आजी एकीकडे, नातवंडे दुसरीकडे, आणि दिवसभराच्या गर्दीनंतर एकत्र बसावयास जागा नाही. कॅम्परमध्ये मऊ भाताची पेज करता येते, मूल दुपारी निजते, आणि संध्याकाळी सारी माणसे झाडाखाली खुर्च्या टाकून बसतात. एवढ्या दूर, एवढ्या खर्चाने ज्या भेटीसाठी आलो, ती भेट खरी तेव्हा होते. उद्यानातील पाळण्यांच्या रांगेत ती होत नाही.

आपल्या देशातही या वाटेने पावले पडत आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्यात राहण्याची वाहने आणि ती उभी करण्याच्या जागा, अशा दोन्हींचा विचार आहे. अशा सोयी आपल्या समुद्रकाठी वाढल्या तर गावातील जागेचे मालक, मांडववाले, सुतार, वीजकाम जाणणारे तरुण यांनाही काम मिळेल. मात्र पाहुणा येण्यापूर्वी पाणी, सांडपाणी आणि वीज यांची चोख व्यवस्था लावणारा माणूस त्यांतून निघाला पाहिजे. ज्या कुटुंबाला असा माणूस सापडेल त्याने निश्चिंत मनाने बेत आखावा. तो सापडला नसेल तर घर कितीही सुंदर दिसो, आगाऊ रकमेचा हात आखडताच ठेवावा. कारण परमुलखात रात्रीच्या वेळी म्हाताऱ्या आईला कुलूपबंद दाराशी उभे करण्याहून खिशाला वा मनाला अधिक महाग असे काही नाही.